आसगावकरांचे उट्टे

१९ मे १९७८, पवनी

ही वही फोटोच्या ऑर्डरी लिहायला आणली होती. आजपासून तिच्यात वेगळे लिहिणार आहे. मनात दाबून ठेवले तर डोके फुटेल, आणि घरात बोलायला गेलो की माय रडायला लागते.

काल माझ्या बहिणीचे, रुखमाचे, साक्षगंध होते. होते म्हणजे ठरले होते. मुलगा आसगावच्या पुंडलिकरावांचा थोरला, देवाजी. तलावाखालची धानाची जमीन, दारात बैलजोड्या, गावात शब्दाला मान. मामाने मध्यस्थी केली आणि मी काढलेला रुखमाचा फोटो त्यांना नेऊन दाखवला. तिकडून निरोप आला की फोटो पसंत आहे, लग्नसराई संपत आली आहे, तेव्हा मुलगी पाहणे आणि साक्षगंध एकाच दिवशी उरकून घेऊ. आम्ही अंगणात मांडव घातला. मोहल्ल्याला जेवण सांगितले.

रुखमा बाहेर येऊन पाटावर बसली. पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिले. मग बंडीच्या खिशातून फोटो काढून फोटोकडे पाहिले. पुन्हा तिच्याकडे. मला वाटले म्हातारा चष्मा विसरून आला असेल. तर सगळ्यांसमोर म्हणतो,

"फोटोतली पोरगी कुठं हाये? तिले आना."

मामाने सांगून पाहिले की लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे वण राहिले, पण पोरगी लाखात एक आहे. पुंडलिकराव म्हणाले, वणाचे मी काही विचारले काय? आणि फोटो पाटावर ठेवून उठले. त्यांच्यामागे त्यांची सगळी माणसे उठली. पंगतीत वाढलेला भात तसाच राहिला. देवाजी सगळ्यात शेवटी उठला, मान खाली घालून. त्या शेळपटाला तोंड दिले आहे की नाही कोण जाणे.

आता फोटोचे म्हणाल तर मी असा काय गुन्हा केला? निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवली की चेहऱ्यावरचे खड्डे भरून निघतात, कागदावर गाल साफ येतो. नागपूरपासून गोंदियापर्यंत सगळे फोटोग्राफर हेच करतात. आमच्याकडे तर हे पेन्सिलचे काम रुखमाच करते, माझ्यापेक्षा तिचा हात हलका आहे. गिऱ्हाइकांचे तीळ, मुरुम, सुरकुत्या सगळे ती काढते. फक्त तिचा स्वतःचा फोटो मी घेतला हातात. ती म्हणाली होती, राहू दे दादा, जसा आहे तसा जाऊ दे. मी ऐकले नाही. बहिणीसाठी भाऊ एवढेही करणार नाही का?

पुंडलिकराव, चारचौघांत तुमचे नाक कापले नाही तर नावाचा परसराम नाही. लिहून ठेवतो.

२ जून

बाजारात कासाराच्या दुकानापाशी दोघे जण मला पाहून बोलता बोलता थांबले. आता पवनीत जिकडे जावे तिकडे हेच. घाटावर एका कुटुंबाचा फोटो काढत होतो, तर त्यांची म्हातारी म्हणाली, बापा, मले फोटोत गोरी नोको करजो. सगळे हसले. ती सहज बोलली असेल, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. फोटो काढला, पण म्हातारीला जास्तच काळी ठेवली.

रुखमा रोजच्यासारखी कामाला लागली आहे. रडली नाही. मी तिला म्हणालो की मी याचे उट्टे काढणार. ती निगेटिव्हवरून डोळे न उचलता म्हणाली, तुझे उट्टे की माझे? मी म्हणालो, आपले. मग ती काही बोलली नाही, म्हणजे पटले असावे.

१५ ऑगस्ट

आज सुरुवात झाली. आसगावच्या शाळेत झेंडावंदनाचा फोटो काढायचे मला आधीच सांगितलेले होते. पुंडलिकराव मधल्या खुर्चीवर, नवे धोतर, कडक टोपी. मी कॅमेरा असा धरला की आजूबाजूचे सगळे पूर्ण आले आणि पुंडलिकरावांचे मुंडके तेवढे पुढच्या एका पोराच्या कागदी झेंड्याआड गेले. वर झेंडा, खाली मास्तर, मध्ये बिनडोक्याचे धोतर. सायकलवर घरी येईपर्यंत एकटाच हसत होतो.

२७ ऑगस्ट

फोटो पोचता केला. म्हाताऱ्याने पाहिला आणि हसला. मला वाटले होते लाल होईल. म्हणाला, माह्या डोस्क्याविना शाळा चालून राहिली, चांगलं हाये. आणि शाळेच्या भिंतीवर लावायला देऊन टाकला. मास्तर सांगत होता की आता गावातले लोक मुद्दाम तो फोटो पाहायला येतात आणि पुंडलिकराव स्वतःच त्यांना दाखवतात.

याला असे काही नको. याला दुखेल असे पाहिजे.

३ नोव्हेंबर

काल भाऊबीज. रुखमाने ओवाळले. मी ताटात साडी ठेवली आणि म्हणालो, खरी ओवाळणी अजून बाकी आहे, आसगावचे काम झाले की देतो. ती म्हणाली, साडी परत घे आणि ते काम सोडून दे, हीच ओवाळणी. बायकांना मान-अपमानातले काही कळत नाही. माय म्हणते, हिचे जमल्याशिवाय तुझे कसे जमवू? मी म्हणालो, माझी घाई नाही. खरे तर आहे, पण माझे अडले आहे तेही पुंडलिकरावांमुळेच.

९ नोव्हेंबर

देव आहे. आज पक्के कळले.

पुंडलिकरावांचा सालदार कवडू आज दारात. त्यांच्या मुलीचा, विमलाचा, लग्नासाठी फोटो काढायचा आहे. अड्याळचे स्थळ आहे. मी विचारले, मलाच का बोलावले, भंडाऱ्याहून कोणी मिळाला नाही? कवडू म्हणाला, म्हातारा तेच म्हणत होता, पण देवाजीभाऊने परसरामलाच बोलवा असा हेका धरला. म्हणजे बापाने अपमान केला आणि मुलाला वर माझ्याकडून काम करून घेऊन मिरवायचे आहे.

आणखी एक निरोप कवडूने जाता जाता दिला. "मालकानं सांगतलं हाये, फोटो जसाच्या तसा पायजे. पेन्सिल नाई लावाची."

ऐका. घरी येऊन अपमान केला तो पुरला नाही, आता सालदाराच्या तोंडून टोमणा. मी गोड हसून म्हणालो, येतो.

१२ नोव्हेंबर

आज आसगावला जाऊन आलो. सगळे सविस्तर लिहितो, कारण हा दिवस मला विसरायचा नाही.

विमला विशीची असेल. लहानपणी चुलीवरची भाताची पेज अंगावर सांडली होती. डाव्या गालापासून मानेपर्यंत कातडी भाजून आकसली आहे. मी पाहिले आणि मनात घंटा वाजल्या. ज्या घराला आमच्या पोरीचे वण चालले नाहीत, त्यांच्या घरात हे!

मग बसल्या जागी सगळा बेत डोक्यात उभा राहिला. हा डाग मी काढणार. पेन्सिलने असा काढणार की पोरगी चांदण्यासारखी दिसेल. अड्याळचे लोक फोटोवर भाळून येतील, समोर मुलगी पाहतील आणि पंगतीवरून उठून जातील. पुंडलिकरावांचा भात ताटात राहील. तेव्हा म्हाताऱ्याला कळेल.

अंगणात पांढरी चादर लावायची होती. भिंत ओबडधोबड, म्हणून देवाजी चादर धरून उभा राहिला. धरता धरता विचारतो, घरी सगळे बरे आहेत का. मी म्हणालो, बरे आहेत. मग म्हणतो, त्या दिवशी उन्हात सगळ्यांना फार त्रास झाला. मी म्हणालो, चादर सरळ धरा. असल्या माणसाशी काय बोलायचे? त्या दिवशी एक शब्द बोलला नाही आणि आता ऊन आठवते.

विमला पाटावर बसली ती नेमकी भाजलेला गाल कॅमेऱ्याकडे करून. मी म्हणालो, बाई, इकडे वळा, चेहरा सरळ करा. ती म्हणाली,

"दाग दिसला पायजे, दादा. बाबानं सांगतलं हाये. मागून कोनी मले पाहून उठून गेलं, तर थे मले सोसनार नाई."

तिची आई सुंदरबाई बाजूला उभी होती, तिने पदराने डोळे पुसले. मला हसू येत होते. माझ्याच तोंडावर, माझ्याच बहिणीचे उदाहरण. मी म्हणालो, दिसेल, दिसेल, तुम्ही सरळ बसा, उजेड चांगला आहे. सरळच बसवले. पेन्सिलला तसेच सोपे जाते.

निघताना देवाजीने तलावातल्या शिंगाड्यांची पिशवी सायकलच्या मागे बांधून दिली. वाटेत फेकून द्यायची होती, पण विसरलो. घरी आल्यावर मायने पिशवी सोडली. रुखमाने शिंगाडे उकडले आणि एकटीनेच पुष्कळ खाल्ले. तिला सांगितले होते कोणाकडचे आहेत ते. तरी खाल्ले. उलट सालांचा ढीग तिने रात्री उशिरापर्यंत चुलीपाशीच ठेवला होता.

१४ नोव्हेंबर

ढोलीच्या खोलीत, म्हणजे जिथे आम्ही धान ठेवतो आणि मी खिडकीला घोंगडी लावून फिल्म धुतो, तिथे निगेटिव्ह वाळायला टांगली होती. वाळल्यावर रुखमाला दिली. म्हणालो, हा डाग असा काढ की जन्म देणाऱ्या आईलाही शोधून सापडू नये.

तिने निगेटिव्ह उजेडात धरली. पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाली, "त्यायनं तर जसाच्या तसा मांगतला ना?"

मग मी तिला सगळा बेत सांगितला. मला वाटले तिला आनंद होईल, निदान बरे वाटेल. तिने निगेटिव्ह खाली ठेवली.

"आन थ्या पोरीचं काय होईन, दादा?"

मी म्हणालो, तुझे काय झाले होते? तेच होईल. ती उठून विहिरीवर गेली आणि घागर भरूनही तिथेच उभी राहिली. मी हाक मारली तेव्हा म्हणाली, मी हे काम करणार नाही. पहिल्यांदा तिने मला नाही म्हटले.

ठीक आहे. मीच बसलो. आणि लिहायला हरकत नाही, हात छान चालला. रुखमाच्या फोटोच्या वेळी दोनदा पुसून पुन्हा करावे लागले होते, या वेळी एकदासुद्धा नाही. कसब तेच, पेन्सिल तीच, पण भाव वेगळा. ती माया होती, हे उट्टे आहे. फोटो निघाला तेव्हा मीच चकित झालो. गाल असा नितळ की हात फिरवावा. पाकिटात घातला, वर आसगाव लिहिले आणि रुखमाकडे देऊन ठेवला, कारण उद्या मी अड्याळच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, जाणार. कवडू आला की त्याला द्यायचा.

१९ नोव्हेंबर

अड्याळची मंडई जोरात झाली. रात्रभर दंडारीचे खेळ, दिवसा पाहुण्यांची रीघ. मी शाळेच्या भिंतीपाशी पडदा लावला होता, त्यावर बंगला आणि कारंजे रंगवलेले. लेकी-जावई, साळे-मेव्हणे, सगळ्यांनी बंगल्यापुढे फोटो काढून घेतले. एक म्हातारा म्हणाला, माह्या म्हशीचाबी काढ. काढला. म्हैस बंगल्यापुढे फार ऐटीत उभी राहिली.

मध्येच कोणीतरी मला अड्याळचे ते घर दाखवले, जिथे विमलाचे स्थळ आहे. चांगला चौकोनी वाडा, दारात ट्रॅक्टर. माणसे तोऱ्याची दिसली. अशी माणसे डाग सोसणार नाहीत. मन भरून आले.

घरी आलो तर कळले, पाकीट न्यायला कवडू नाही, देवाजी स्वतः आला होता. मायने चहा केला म्हणे. ज्याने आमचा भात टाकला त्याला चहा! मायला बोललो. ती म्हणाली, दारात आलेल्याला काय परत पाठवू? आणि हे पण कळले की तो परत परत पाणी मागत बसला आणि रुखमा देत बसली. मी रुखमाला विचारले, काय बोलत होता. ती म्हणाली, काही नाही, विहिरीचे पाणी गोड आहे म्हणाला.

पाकीट गेले, हे महत्त्वाचे.

१० डिसेंबर

जेवण गोड लागत नाही. नुसती वाट पाहणे. अड्याळचे लोक विमलाला पाहायला याच आठवड्यात आसगावला जाणार असे मामाने सांगितले. मी डोळे मिटले की पंगत दिसते, मागे सरलेले पाट दिसतात, आणि मधोमध पुंडलिकराव, या वेळी मुंडक्यासकट.

१७ डिसेंबर

काय लिहू?

अड्याळच्या बाजारात कवडू भेटला. मी मुद्दामच त्याच्या वाटेत उभा होतो. विचारले, काय झाले पाहण्याचे? त्याने सगळे दात दाखवले. म्हणाला, झालं गा, पक्कं झालं. फोटोत होती तशीच पोरगी निघाली म्हनून पाव्हने खूश. जेवून गेले, पानबी खाल्लं.

फोटोत होती तशीच? मला आधी काही उलगडेना. मग वाटले, माझे काम इतके बेमालूम की प्रत्यक्ष पोरगी पाहूनही त्यांच्या डोळ्यांत फोटोच राहिला असेल. नाहीतर अड्याळकरांच्या घरात सगळ्यांना मोतीबिंदू. काही असो, बेत फसला. पुंडलिकरावांच्या अंगणात कोणी उठून गेले नाही.

घरी येऊन रुखमाला सांगितले आणि अड्याळकरांच्या डोळ्यांना शिव्या घातल्या. ती हसली. मे महिन्यापासून पहिल्यांदा हसली, तीही तोंडावर पदर घेऊन, खोकला येईपर्यंत. मला तिचा रागच आला.

१४ जानेवारी १९७९

संक्रांतीला कारध्याला गेलो होतो. वैनगंगेवर तोबा गर्दी. लोक डोंग्यात बसून नदीत जातात आणि डोंगा हलत असताना फोटो काढ म्हणतात. एका जोडप्याचा काढताना मी स्वतःच पाण्यात पडलो, कॅमेरा तेवढा वर धरला. कॅमेरा वाचला.

घाटावर देवाजीने गाठले. तीळगूळ दिला, घ्यावा लागला. विमलाच्या लग्नाचे फोटो तुम्हीच काढायचे असे बाबांनी सांगितले आहे म्हणाला. मग नदीकडे पाहत म्हणाला, रुखमिणीबाईंनाही आणा लग्नाला. मी म्हणालो, ती येत नसते कुठे.

लग्नाची ऑर्डर घेतली. आता दुसरा बेत, आणि हा फसण्यासारखा नाही. कॅमेऱ्यात रोलच भरायचा नाही. लग्न, वरात, अंतरपाट, सगळ्याचे फोटो काढायचे, बटण दाबायचे, लोकांना हसा म्हणायचे. आणि मागून सांगायचे, रोल खराब निघाला. पुंडलिकरावांच्या लाडक्या लेकीच्या लग्नाचा एक फोटो या जगात राहणार नाही.

२३ फेब्रुवारी

काल लग्न झाले. आज शांतपणे लिहायला बसलो होतो, पण शांत बसवत नाही.

काल सकाळपासून रिकामा कॅमेरा खटखट वाजवत होतो. मजा येत होती, खोटे कशाला बोलू. विमला हळद लावून बसली होती. मला म्हणाली, दादा, तुमच्या घरचे उपकार आहेत. मी म्हणालो, हसा. बटण दाबले.

लग्न लागले. दुपारच्या पंगतीआधी पुंडलिकरावांनी मला मांडवात बोलावले. दोन्हीकडची जाणती माणसे बसली होती, आमचा मामाही होता. देवाजी खांबाला टेकून उभा. म्हातारा म्हणाला, बस परसराम. मी बसलो नाही. मग त्याने बंडीच्या खिशातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला.

रुखमाचा फोटो. पण वणांसकट. गालावरचा, कपाळावरचा, नाकाजवळचा, एक एक खड्डा दिसत होता. असा फोटो मी जन्मात काढून दिलेला नाही. माझे डोकेच फिरले. कोणी दिला, कुठून आला, हे विचारायचेही सुचले नाही. एवढेच दिसले की सगळ्यांसमोर पुन्हा तेच चालले आहे, तोच मांडव, तोच खिसा, तोच फोटो.

पुंडलिकराव बोलत होते. "त्या दिशी आमी जेवल्याबिगर उठलो, थे बरं नाई झालं. मले राग फोटोचा होता, पोरीचा नोता. हा फोटो पाह्यला आन वाटलं, आता खरं आलं. देवाजीचं मन हाये. आमचंबी हाये. तुमी हो म्हना, मंग जेवाले बसू."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मामा तर हात जोडूनच बसला होता. आणि त्या क्षणी मला कळले की ज्याची मी मेपासून वाट पाहत होतो ते हेच. म्हातारा स्वतः चालून आला आहे, त्याच्याच मांडवात, त्याच्याच व्याह्यांसमोर. मी फोटो वर धरला, सगळ्यांना दिसेल असा.

"हे कोन व्हय? आमच्या घरी अशी पोरगी नाई."

आणि फोटो पाटावर ठेवून निघालो. मागे पाहिले तेव्हा पुंडलिकरावांचे तोंड उतरलेले होते, आणि देवाजी वाकून फोटो उचलत होता. मी न जेवता आलो. माझ्या वाट्याचा भात त्यांच्याच पातेल्यात राहिला. वाटेत सायकल पायाखाली नव्हतीच जणू.

घरी आलो तेव्हा रुखमा अंगणात बसली होती. नवी साडी नेसलेली, भाऊबीजेची. मला वाटले, बरे झाले, आज दिवसही तसाच आहे. तिला सगळे सांगितले. रिकामा कॅमेरा उघडून दाखवला. पुंडलिकराव काय म्हणाले ते सांगितले, मी काय म्हणालो ते सांगितले. ती म्हणाली,

"काय म्हनला तू? फिरून सांग."

मी फिरून सांगितले, तसेच, त्याच आवाजात.

मग ती म्हणाली, थो फोटो मीनंच टाकला होता पाकिटात. तिने माझ्या निगेटिव्हवरची पेन्सिल टर्पेंटाइनने पुसली होती, विमलाचीही आणि स्वतःचीही, आणि मी मंडईत असताना दोन्ही फोटो नव्याने छापले होते. माझा तो नितळ गालाचा फोटो तिने चुलीत घातला. देवाजीला सांगून दिले होते, तुझ्या बाबांना दाखव, आणि तरी चालत असेल तर ये. हे सगळे ती धान पाखडताना बोलावे तसे बोलली. मी ओरडलो. म्हणालो, मला न विचारता? माझ्या पाठीमागे? ज्याने तुला नाकारले त्याच्याकडे?

ती उभी राहिली. माझ्यापेक्षा डोक्याने लहान आहे, पण तेव्हा तसे वाटले नाही.

"पुंडलिकरावानं मले एक डाव नाई म्हटलं, दादा. तू दोन डाव."

मग आत जाऊन साडी बदलून आली आणि चुलीपाशी बसली.

२४ फेब्रुवारी

मामा येऊन गेला. माझ्याशी बोलला नाही. मायशी बोलला. माय आता रडतही नाही.

मी मामाला म्हणालो, तर मग जाऊन सांगा त्यांना, मला ठाऊक नव्हते. मामा म्हणाला, त्यांच्या मांडवात व्याह्यांसमोर झाले ते. पुंडलिकराव म्हणाले, भावालाच ही पोरगी आपली वाटत नाही, तर आम्ही कोणाच्या दारातून आणायची?

म्हातारा बोलायला हुशार आहे, हे मान्य.

११ मार्च

कवडू लग्नाचे फोटो मागायला आला. सांगितले, रोल खराब निघाला. तो म्हणाला, विमलाबाईने अड्याळहून मुद्दाम निरोप पाठवला होता, मायबापाच्या संगतचा एक तरी द्या. मी म्हणालो, एकही नाही. तो बराच वेळ ओसरीवर बसून राहिला. उठताना सांगून गेला की देवाजीचे साक्षगंध कारध्याच्या मुलीशी झाले, परवा.

म्हणजे जे ठरवले होते ते सगळे झाले. चारचौघांत नाक कापले, फोटो ठेवले नाहीत. बसून हिशेब केला तर आसगावकरांकडे माझे काही बाकी नाही.

रुखमाने पेन्सिलचे काम सोडले आहे. निगेटिव्ह पुढे ठेवली की बाजूला सारते. गिऱ्हाइके कुरकुरतात, पवनीतल्या सगळ्या सुरकुत्या आता फोटोत येऊ लागल्या आहेत. घरात बाकी सगळे करते, माझे ताट वाढते, पाणी देते. बोलते मात्र कामापुरतीच.

मला एकच कळत नाही. दोन डाव म्हणजे दोनदा कसे? मांडवात बोललो तो एक, आणि तोही तिच्यासाठीच. दुसरा कधी? गेल्या वर्षी मेपासूनची, तिच्या फोटोला पेन्सिल लावल्याचे लिहिले त्या पानापासूनची, ही सगळी वही चाळली, कुठे सापडत नाही. काल जेवताना तिलाच विचारले. ती ताटात भात वाढत होती, वाढत राहिली. विचारले तर सांगत नाही.